ओसरीवरून माजघरात

१ एप्रिल २००४ या दिवशी गूगलने जीमेलची घोषणा केली आणि अनेकांना ते एप्रिल फूल वाटले. हॉटमेल तेव्हा दोन एमबी जागा देत असे, याहू चार एमबी. हे लोक एकदम एक जीबी म्हणत होते, आणि तीही फुकट. खाते भरले म्हणून सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून मित्रांच्या जुन्या मेल एकेक करून खोडणाऱ्या माझ्या पिढीला ही थट्टाच वाटणार. पुढे काही महिने जीमेलचे आमंत्रण मिळवण्यासाठी आम्ही ओळखी काढत होतो, जशा ऐन मे महिन्यात कोकणच्या गाडीच्या तिकिटासाठी काढतात. शोधयंत्र चालवणाऱ्या कंपनीला लोकांच्या टपालात काय रस, हे विचारायचे त्या गडबडीत राहूनच गेले.

आता हा प्रश्न बराच मोठा झाला आहे. शोधयंत्रवाली कंपनी पैसे पोचवते, एकेकाळचा पुस्तकविक्रेता रक्ताचा नमुना घ्यायला माणूस घरी पाठवतो, फोन बनवणारा मालिका काढतो, निरोप पोचवणारे ॲप किराणा मागवून देते. आपल्या म्हणीतला पाहुणा आधी ओसरीवर टेकतो आणि मग हातपाय पसरतो. या कंपन्यांचे तसेच आहे. नव्या धंद्याचे ज्ञान त्यांच्याकडे बहुधा नसतेच; असते ती ओसरीवरची जागा. म्हणून ओसरीवर बसल्या बसल्या जे काम उरकते ते त्यांना झकास जमते. चुलीपाशी जाऊन घाम गाळायची वेळ आली की त्यांची पंचाईत होते. गेल्या तीस वर्षांतल्या या विस्ताराचा हिशेब मला तरी असा दिसतो.

ॲमेझॉनपासून सुरुवात करू. १९९५ मध्ये या कंपनीने पुस्तके विकायला घेतली त्यामागे साहित्यप्रेम नव्हते. पुस्तक नासत नाही, टपालाने सहज जाते, आणि पुस्तके इतकी असतात की कुठल्याही एका दुकानात मावत नाहीत. गिऱ्हाइकाचा पत्ता, कार्डाचा क्रमांक आणि ‘पैसे भरले की वस्तू येते’ हा भरवसा एकदा जमला, मग पुस्तकाच्या जागी सीडी ठेवा, खेळणे ठेवा, नाहीतर कढई ठेवा. खरी युक्ती २००५ मध्ये आली. वर्षाला ७९ डॉलर भरा आणि पाठवणावळ विसरा, अशी प्राइमची योजना. वरवर पाहता ही सवलत. पण आधी पैसे भरलेला माणूस ते वसूल करायला बघतो, हा मनुष्यस्वभाव ओळखायला अर्थशास्त्र लागत नाही. बुफेच्या रांगेत उभे राहिलेल्या कुणालाही तो ठाऊक असतो. प्राइमवाला दुसरीकडे खरेदी करताना अडखळतो. त्याला बांधून ठेवायला पुढे चित्रपट आले, गाणी आली. पारितोषिके मिळवणारी मालिका बूट विकायला मदत करते, असे जेफ बेझोस जाहीरपणे बोलून गेले आहेत. मालिका चांगली आहे की वाईट, हा प्रश्न त्या हिशेबात दुय्यम ठरतो.

भारतात प्राइम २०१६ च्या जुलैत आले, प्रास्ताविक वर्गणी ४९९ रुपये. त्याच डिसेंबरात व्हिडिओ सुरू झाले. २०२१ च्या अखेरीस वर्गणी १,४९९ झाली. १७ जून २०२५ पासून याच चित्रपट-मालिकांच्या मध्ये जाहिराती येऊ लागल्या. त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९ रुपये. नऊ वर्षांचा हा चढ कुठल्याही एका दिवशी अंगावर आला नाही. अशा चढाची मजाच ती. घाट चढताना गाडीतल्या माणसाला कळत नाही, दडे बसले की कळते.

ॲपलची तऱ्हा निराळी. ती आधी महागडी वस्तू विकते आणि मग त्या वस्तूत राहण्याचे भाडे घेते. २००७ मध्ये आयफोन आला. २००८ च्या जुलैत ५०० ॲप्सचे दुकान उघडले आणि त्यातल्या विक्रीवर ३० टक्के कापून घेण्याचा रिवाज पडला. मग संगीत, साठवणुकीची जागा, मालिका, अमेरिकेत तर क्रेडिट कार्डसुद्धा. सप्टेंबर २०२४ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात कंपनीच्या ३९१ अब्ज डॉलर महसुलापैकी ९६ अब्ज सेवांमधून आले, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे समजावण्याची गरज नाही. फ्लॅट एकदाच विकला जातो, मेंटेनन्स दर महिन्याला येतो. फरक एवढाच, की इथे सोसायटीची सर्वसाधारण सभा भरत नाही.

गूगलला यातले काहीच करावे लागत नाही. आपण तिथेच असायचे एवढेच तिला पुरते. लॅरी पेज एखादी कंपनी विकत घेण्याआधी म्हणे टूथब्रशची कसोटी लावत: माणूस ही गोष्ट दिवसातून एकदा-दोनदा वापरतो का? नकाशे, यूट्यूब, क्रोम, अँड्रॉइड ही सगळी त्या कसोटीची अपत्ये. यूट्यूब २००६ मध्ये १.६५ अब्ज डॉलरला घेतले तेव्हा सौदा महाग पडला असे म्हणणारे पुष्कळ होते. आता ते म्हणत नाहीत. पण रोजच्या वापरातले होण्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे फोन उघडल्याबरोबर समोर असणे. आयफोनवरचे आधीपासून लावून दिलेले शोधयंत्र आपलेच असावे म्हणून गूगलने ॲपलला २०२२ या एका वर्षात २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आले. वापरणारा सेटिंगमध्ये जाऊन ते बदलू शकतोच. तो जात नाही, आणि २० अब्ज डॉलर मोजले जातात ते त्याच्या या न जाण्यासाठी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या न्यायालयाने गूगलला बेकायदा मक्तेदार ठरवले.

आपल्याकडे हाच वाद स्वस्त अँड्रॉइड फोनवरून झाला. नवा फोन घ्यायचा, तर गूगलची ॲप्स पुड्यातच येतात. एक हवे असेल तर बाकीची घ्या, अशी फोन बनवणाऱ्यांना अट. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये यासाठी १,३३७.७६ कोटींचा दंड केला, आणि त्याच महिन्यात प्ले स्टोअरमधल्या पैसे घेण्याच्या पद्धतीसाठी वेगळा ९३६.४४ कोटींचा. पहिला दंड अपिलात कायम राहिला, जरी आयोगाचे काही आदेश गळले. दुसरा मार्च २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आला. युरोपीय संघाने २०१७ मध्ये, वस्तूंच्या किमतींची तुलना करणारी आपलीच सेवा शोधनिकालात वर दाखवल्याबद्दल गूगलला २.४२ अब्ज युरोंचा दंड केला होता. त्यावरचा अखेरचा निकाल लागला सप्टेंबर २०२४ मध्ये. सात वर्षे. तोवर किमतींची तुलना करून पोट भरणाऱ्या छोट्या संकेतस्थळांचे जे व्हायचे ते होऊन गेले होते. दंड मोठा दिसतो, पण अशा धंद्यात खरा दंड वेळेचा असतो आणि तो दुसऱ्याच कुणाला तरी भरावा लागतो.

इथवर वाचून असे वाटेल की या कंपन्या जिथे हात घालतात तिथे सोने होते. तसे मुळीच नाही. अपयशांची यादी लांबलचक आहे आणि यशापेक्षा जास्त शिकवणारी आहे. गूगल प्लस २०११ मध्ये फेसबुकला टक्कर द्यायला निघाले, २०१९ मध्ये मिटले. स्टेडिया ही खेळांची सेवा जेमतेम तीन वर्षे टिकली. ॲमेझॉनचा फायर फोन २०१४ मध्ये आला आणि १७ कोटी डॉलर बुडीत खाती टाकून गेला. फेसबुकने जून २०१९ मध्ये लिब्रा नावाचे स्वतःचे चलन जाहीर केले. सरकारे खवळली आणि जानेवारी २०२२ मध्ये उरलीसुरली मालमत्ता विकून प्रकरण बंद झाले. चलन काढणे हा राजाचा अधिकार असतो, हे त्यांना कुणीतरी आधी सांगायला हवे होते.

आरोग्याच्या क्षेत्रातली फजिती तर अभ्यासण्यासारखी आहे. जानेवारी २०१८ मध्ये ॲमेझॉन, वॉरन बफे यांची बर्कशायर हॅथवे आणि जेपी मॉर्गन या तिघांनी मिळून अमेरिकेतली महाग वैद्यकीय सेवा सुधारण्यासाठी एक उपक्रम जाहीर केला. हेवन हे त्याचे नाव. घोषणेच्या दिवशी विमा कंपन्यांचे समभाग कोसळले. तीन वर्षांनी हेवन बंद झाले आणि विमा कंपन्या जागच्या जागी होत्या. ॲमेझॉनने स्वतः चालवलेली ॲमेझॉन केअरही २०२२ च्या अखेरीस गुंडाळली. पैसा होता, हुशार माणसे होती, ग्राहक होते. पण डॉक्टर हा काही गोदामातला माल नव्हे, आणि एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात चालतोच असे नाही.

भारतातही त्याच वर्षअखेर ॲमेझॉनने दोन दुकाने बंद करत असल्याचे जाहीर केले. एक बेंगळुरूत मे २०२० मध्ये सुरू केलेली जेवण घरपोच देण्याची सेवा आणि दुसरी जेईईच्या तयारीची ॲमेझॉन अकॅडमी. पुस्तक दोन दिवसांनी आले तरी कुणाची तक्रार नसते, डोसा चाळीस मिनिटांनी आला तर तो चामडे होतो. तिथे लागतात ते पाय, आणि गल्लीबोळ ओळखणारे पाय. मुंबईचे डबेवाले हे शास्त्र सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जाणतात, आणि त्यांनी दुसऱ्या कुठल्या धंद्यात हातपाय पसरल्याचे ऐकिवात नाही.

मात्र चुलीपाशी हात पोळलेला पाहुणा घर सोडून जात नाही. तो ओसरीवर परततो आणि दलाली करू लागतो. जून २०२५ मध्ये ॲमेझॉनने मुंबईसह सहा शहरांत घरपोच रक्ततपासणी सुरू केली, पण नमुना घेणारी आणि तपासणारी संस्था वेगळी, ऑरेंज हेल्थ लॅब्ज. काम दुसऱ्याचे, दार आपले. मला वाटते, पुढच्या काही वर्षांत ग्राहकसेवांमधला बहुतेक विस्तार याच वाटेने होईल.

पैशांच्या देवघेवीची गोष्ट या सगळ्यापेक्षा निराळी आहे, आणि ती आपल्या देशातली आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एप्रिल २०१६ मध्ये राष्ट्रीय देयक महामंडळाने, म्हणजे मुंबईतल्या एनपीसीआयने, यूपीआय ही व्यवस्था सुरू केली. ही सडक सार्वजनिक होती. कुठल्याही बँकेचे खाते, कुठलेही ॲप. १८ सप्टेंबर २०१७ रोजी गूगलने त्यावर ‘तेज’ नावाची गाडी आणली, तीही तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली यांच्या हस्ते. वर्षभरात तिचे नाव गूगल पे झाले. फोनपे आधीच फ्लिपकार्टच्या घरात होती आणि २०१८ मध्ये फ्लिपकार्टबरोबर वॉलमार्टच्या घरात गेली. सवय लावण्यासाठी या कंपन्यांनी पैसे अक्षरशः वाटले. २०१९ ची दिवाळी आठवते? गूगल पेवर दिवा, फूल, झुमका, कंदील आणि रांगोळी अशी पाच चित्रे जमवली की २५१ रुपये मिळणार होते. बाकी चार सगळ्यांकडे, रांगोळी कुणाकडेच नाही. फराळाच्या ताटावर बसलेले लोक एकमेकांना ‘तुझ्याकडे रांगोळी आहे का’ विचारत होते, आणि ती अंगणातली नव्हती. माझ्या परिचयातल्या, एटीएमला घाबरणाऱ्या एक आजी त्या आठवड्यात यूपीआय शिकल्या. रांगोळी त्यांना मिळाली नाही. सवय मिळाली.

जानेवारी २०२० पासून सरकारने यूपीआयवरचा व्यापाऱ्याकडून घ्यायचा आकार शून्य केला. म्हणजे सडक सार्वजनिक, वर टोलही बंद. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी काहींनी कोट्यवधी लोकांना या सडकेवर आणले आणि त्यांच्या हाती वाहतूक आली, उत्पन्न नाही. म्हणून मग रिचार्जवर रुपया-दोन रुपयांचा आकार, कर्जाच्या जाहिराती, विमा, आणि भाजीच्या गाडीवर ‘रुपये प्राप्त झाले’ म्हणून ओरडणाऱ्या त्या डबीचे मासिक भाडे. मंडईत गवारीच्या ढिगावर ठेवलेली ती डबी मला या सगळ्या कथेतले सर्वांत प्रामाणिक यंत्र वाटते. ती निदान आपले भाडे सांगून घेते.

व्हॉट्सॲपचा अनुभव आणखी बोलका. देशात त्याच्याइतकी मोठी ओसरी दुसऱ्या कुणाची नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याने पैसे पाठवण्याची चाचणी सुरू केली, पण देयकांची माहिती भारतातच साठवावी या रिझर्व्ह बँकेच्या नियमात गाडी अडली. नोव्हेंबर २०२० मध्ये परवानगी मिळाली ती दोन कोटी लोकांपुरती. मग चार कोटी, मग दहा. मर्यादा पूर्ण उठली २०२४ च्या शेवटच्या दिवशी. तोवर लोकांची बोटे दुसऱ्या चौकोनावर जायला शिकली होती. परवान्याने रोखलेली दोन-तीन वर्षे पुढे कितीही मोठ्या ओसरीने भरून निघाली नाहीत. यूपीआयचे महिन्याचे व्यवहार ऑगस्ट २०२५ मध्ये २,००० कोटींच्या वर गेले. व्हॉट्सॲपचा त्यातला वाटा नगण्य होता, आणि फोनपे व गूगल पे या दोघांचा मिळून ८० टक्क्यांहून अधिक.

सार्वजनिक सडकेचे कौतुक करताना हा शेवटचा आकडा गिळता येत नाही. एका ॲपकडे ३० टक्क्यांहून जास्त व्यवहार नसावेत, असे एनपीसीआयने नोव्हेंबर २०२० मध्येच ठरवले होते. मुदत आधी २०२२ अखेरची होती, मग २०२४, आता २०२६. ग्राहकाला जबरदस्तीने दुसऱ्या ॲपवर ढकलता येत नाही, ही अडचण खरी आहे. पण दोनदा पुढे ढकललेल्या मुदतीला लोक मुदत म्हणत नाहीत.

नियम वेळेवर आला तर काय होते, याचेही उदाहरण आपल्याकडे आहे. २०१५ मध्ये फेसबुकने ‘फ्री बेसिक्स’ आणले: ठरावीक संकेतस्थळे फुकट, बाकीच्या इंटरनेटला पैसे. वृत्तपत्रांत पानभर जाहिराती आल्या. मार्क झुकरबर्ग यांनी लेख लिहून महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचा दाखला दिला, की त्याला यातून हवामान आणि बाजारभाव कळतात. गरिबाला थोडे तरी फुकट मिळते तर नाही का म्हणता, असा प्रश्न होता आणि तो अगदीच फेकण्याजोगा नव्हता. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक ट्रायने असे भेदभावाचे दर बेकायदा ठरवले. त्याच सुमारास, जानेवारी २०१६ मध्ये, गूगलने रेलटेलबरोबर मुंबई सेंट्रल स्थानकावर फुकट वायफाय सुरू केले. तिथे कुठलेही संकेतस्थळ उघडा. वाढते वाढते ते ४०० हून अधिक स्थानकांवर पोचले आणि २०२० मध्ये, भारतात डेटाच स्वस्त झाला असे सांगून, गूगलने हात काढून घेतला. दोन्ही कंपन्यांना ओसरीच हवी होती. एकीने दाराला स्वतःचे कुलूप लावायचा आग्रह धरला, एवढाच फरक.

डेटा स्वस्त केला तो जिओने. ५ सप्टेंबर २०१६ ला सेवा सुरू, पुढचे सात महिने जवळजवळ सगळे फुकट. या विदेशी कंपन्यांचे तंत्र इतक्या मोठ्या प्रमाणावर वापरणारी देशी कंपनी म्हणून तिच्याकडे पाहायला हवे. आणि ओसरी मिळेना तेव्हा त्यांनी ओसरीचा तुकडाच विकत घेतला: २०२० च्या एप्रिलमध्ये फेसबुकने जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ४३,५७४ कोटी घातले, जुलैत गूगलने ३३,७३७ कोटी जाहीर केले. फेसबुकच्या सौद्यानंतर लगेच व्हॉट्सॲपवरून जिओमार्टचा किराणा मागवण्याचा प्रयोग झाला तो नवी मुंबई, ठाणे आणि कल्याणमध्ये. वाण्याला जोडून घेऊ, असे तेव्हा सांगण्यात आले. वाण्याला माल पुरवणाऱ्या वितरकाचे काय, हे कुणी सांगितले नाही. २०२२ च्या जानेवारीत महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या काही उत्पादनांचा पुरवठा थांबवला. ऑनलाइन घाऊक विक्रेत्यांना मिळणारा दर आपल्याला का नाही, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. वाटाघाटी होऊन तो वाद मिटला. दुकानदाराच्या फळीवर काय लागेल आणि किती दराने, हे ठरवण्याची जागा मात्र हळूहळू सरकते आहे.

आता चालू अध्याय. जून २०२४ मध्ये व्हॉट्सॲपमध्ये एक निळे वर्तुळ उगवले. मेटाचा, म्हणजे फेसबुकच्याच कंपनीचा, कृत्रिम बुद्धीचा मदतनीस. आपण मागवला नव्हता, काढून टाकायची सोयही नव्हती. पुढच्या वर्षी फुकटाची लाट आली. जुलै २०२५ मध्ये एअरटेलने ग्राहकांना पर्प्लेक्सिटीची महागडी वर्गणी वर्षभर मोफत दिली. नोव्हेंबरात ओपनएआयने चॅटजीपीटीची एक श्रेणी भारतात वर्षभर फुकट केली. त्याआधी काही दिवस, ३० ऑक्टोबरला, जिओ आणि गूगलने ३५,१०० रुपये किमतीची जेमिनीची सेवा १८ महिने मोफत देण्याचे जाहीर केले होते. तासाला वीस रुपयांच्या कॅफेत एक जीबीचे अप्रूप वाटलेला मी, यातली एक सेवा घेऊन बसलो आहे. चांगली आहे. हा लेख लिहिताना तारखा पडताळायला मी तिला विचारले आणि मग उत्तरे बरोबर आहेत का तेही पडताळले. म्हणजे काम दुप्पट झाले, पण करमणूक झाली.

ज्यांनी जिओची ती सवलत पहिल्याच दिवशी घेतली, त्यांचे १८ महिने एप्रिल २०२७ अखेर भरतात. त्या वर्षीचे कालनिर्णय घरी आणाल तेव्हा दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी तेवढी एक तारीख लिहून ठेवा.